तिसरी हाक

‘‘येतंय का ऐकायला?’’ प्राचीनं विचारलं.

तिच्या ओठांवरून मी ओळखलं. माझ्या कानांवर तिनं ते गुबगुबीत हेडफोन चढवले होते आणि त्यांतून मला डास गुणगुणल्यासारखं काहीतरी येत होतं, बस्स.

‘‘मोठं कर.’’

‘‘फुल्ल आहे, काका.’’

‘‘मग हे वाचतंय तरी कोण?’’

तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. पडद्यावर कुमुदचा फोटो होता, हिरव्या काठाच्या साडीतला, आणि खाली लिहिलं होतं, ‘वाचन : कुमुदताई’.

‘‘काकूच आहेत की,’’ प्राची म्हणाली.

मी हेडफोन काढून सतरंजीवर ठेवले. आमच्या हिचं तेरावं नुकतंच झालं होतं. पाहुणे आपापल्या गावाला गेले होते, मोठी पातेली घासून भिंतीला पालथी लावली होती, आणि ही समोरच्या घरातली पोरगी मोठ्या मायेनं मला माझ्या बायकोचा आवाज ऐकवायला आली होती. आता तिला काय सांगू? हा आवाज माझ्या ओळखीचाच नव्हता.

मी इचलकरंजीतला जॉबर. म्हणजे यंत्रमाग बिघडला की दुरुस्त करणारा. मिसरूड फुटायच्या आधी मागांच्या शेडमध्ये शिरलो, तो म्हातारा होऊनच बाहेर पडलो. आत सूत घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यांची खटखट अशी, की शेजारच्या माणसानं आईवरून शिवी दिली तरी ऐकायला येत नाही. ओठ बघून कळते, आणि मग आपणही ओठांनीच परत करायची. मागांनी माझं पोट भरलं आणि कान खाल्ले. डॉक्टरनं कानाचं मशीन दिलं होतं, पण ते शिट्ट्या मारायचं. बायकोसमोर शिट्ट्या मारायचं माझं वय राहिलं नव्हतं, म्हणून ते गेलं कपाटात.

त्यापेक्षा कुमुदच्या हाका बऱ्या होत्या. उभी हयात तिनं नगरपालिकेच्या शाळेत पोरं सांभाळलेली, गळा तयार होता. तिच्या हाका तीन. पहिली साधी, ‘‘अहो!’’ ती मला जन्मात कधी ऐकायला आली नाही. दुसरी, ‘‘अहो, ऐकलं का!’’ ती वारं बरं असलं तर यायची. आणि तिसरी, ‘‘ओ जॉबऽऽर!’’ नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तिला आईनं शिकवलेलं. पण जॉबर हे काही नाव नव्हे, हुद्दा आहे, असं तिचं म्हणणं. तिसरी हाक सगळ्या गल्लीला पाठ होती. कोपऱ्यावर पानाच्या टपरीपाशी मी गप्पा हाणत बसलो की टपरीवालाच म्हणायचा, ‘‘काका, तिसरी झाली. उठा आता, नाहीतर जेवण मिळायचं नाही!’’

मूलबाळ आम्हाला झालं नाही. घरात हाक मारायला ती आणि ओ द्यायला मी, एवढाच संसार.

आणि गेली ती सकाळची, स्वयंपाकघरात, चहाचं आधण ठेवता ठेवता. मी बाहेर पायरीवर बसून सायकलची चेन बसवत होतो. चहाला उशीर का झाला म्हणून आत गेलो, तर ही ओट्याला टेकून खाली बसलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, काही करता आलं नसतं. शेजारच्या बायका म्हणाल्या, ‘‘तिसरी काही आली नाही हो, आली असती तर आम्ही धावलो असतो.’’ तिसरी आली नाही हे खरं. पण पहिली मारली असेल का? दुसरी? ती कुणाला ऐकायला जाणार? ज्याला मारायची त्यालाच येत नव्हती. ते आजतागायत मला ठाऊक नाही, आणि आता कळायचंही नाही.

तर प्राची. प्राची मगदूम. इंजिनिअर झाली, पुण्यात कंपनीत लागली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत नोकरी सोडून घरी आली. कशासाठी? तर अंध माणसांसाठी पुस्तकं वाचून घ्यायची, रेकॉर्ड करायची आणि त्यांच्या मोबाइलवर पोचवायची. नाव ठेवलं ‘बोलकं पान’. तिच्या आईनं कपाळावर हात मारून घेतला. मी विचारलं, ‘‘ह्या धंद्याला म्हणायचं काय?’’

‘‘सामाजिक उद्योग, काका. मी सामाजिक उद्योजक.’’

‘‘उद्योग कळला. सामाजिक म्हणजे ज्यात पगार नसतो तो?’’

‘‘तोच,’’ म्हणाली आणि खळखळून हसली. तिच्यावर रागवायचं म्हटलं तरी जमायचं नाही.

तिला ना ऑफिस, ना माणसं. जे काही होतं ते इंटरनेटवरचं, आणि फुकटातलं. वेबसाइट फुकट. वाचणारे कुणी नाशकात, कुणी दुबईत. कुणाचं पुस्तक कुठवर आलंय ते दाखवणारा एक फळा होता, तोही इंटरनेटवरच टांगलेला. देणगी मागायचं पान वेगळं. मागचा गोंगाट काढून आवाज धुऊन देणारं एक यंत्र वेगळं. आणि सगळी रेकॉर्डिंगं ठेवायला आकाशातलं कपाट. त्याला ती क्लाउड म्हणायची. हे सगळं कसं वापरायचं ते शिकवणारे वर्गसुद्धा फुकट! ‘‘फुकटचं अंगी लागत नाही गं,’’ मी तिला चिडवायचो. ती म्हणायची, ‘‘काका, आमच्यासारख्यांचं भांडवल हेच.’’ कपाट फुकट होतं खरं, पण अगदी लहान होतं. ते मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी कशाला लक्ष देतोय!

तिची पहिली वाचणारी आमची ही. शाळेतून निवृत्त होऊन घरात बसली होती, तिला आयती पोरं मिळाली. आमच्या आतल्या खोलीत गाद्यांची चळत होती, तिला खेटून ही बसायची, म्हणजे गल्लीतल्या मागांची खटखट कमी येते म्हणे. समोर पुस्तक, बाजूला मोबाइल. दाराच्या फटीतून मला तिचे ओठ हलताना दिसायचे, बाकी सगळं शांत. वाचताना ती हळू, गोड वाचायची असं लोक सांगायचे. मला काय, ओठच.

आता गंमत अशी, की रेकॉर्डिंग सुरू केलं की ती मध्ये थांबवायची नाही. ‘‘बंद केलं की गेलं, असं असतं ह्या मोबाइलचं,’’ असा तिचा पक्का समज. प्राचीनं हजारदा दाखवलं, पण नाही. त्यामुळं वाचता वाचता दूधवाला आला तर ते त्यात, कुकर झाला तर ते त्यात, मला मारलेल्या हाकाही त्यातच. पुढं प्राची ते सगळं साफ करायची.

म्हणूनच त्या दिवशी मी तिला म्हटलं, ‘‘पोरी, हे वाचलेलं मला नको. मला ते मधलं दे.’’

‘‘मधलं म्हणजे?’’

‘‘मला हाका मारायची की ती, वाचता वाचता. त्यातली एक दे. तिसरी असली तर बघ. ती माझ्या कानात जाते.’’

प्राचीचा चेहराच उतरला. लॅपटॉपवरचे हात तिनं मांडीवर घेतले.

‘‘काका... त्या मी काढल्या.’’

‘‘काढल्यास ना, मग ठेवल्यास कुठं?’’

‘‘ठेवत नाही, काका. साफ केलेलं ठेवतो आणि कच्चं पुसून टाकतो. जागा पुरत नाही. पहिल्यापासून तशीच पद्धत आहे आपली.’’

‘‘सगळं पुसलं?’’

‘‘सगळं.’’

‘‘ते यंत्रानं केलं ना? मग यंत्राला सांग, परत दे म्हणावं.’’

‘‘मागांचा आवाज यंत्र काढायचं. हाका मी हातानं कापायचे.’’ तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. ‘‘पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, काका. काकू वाचायच्या ते बारीक बारीक, गवतासारखं. आणि हाक आली की एकदम डोंगर. शोधायला लागायचं नाही. लांबूनच दिसायच्या.’’

मला काय झालं कुणास ठाऊक. आवाज चढला माझा. बहिऱ्याचा आवाज चढला म्हणजे विचारू नका, समोरच्या खिडक्यांत बायका आल्या.

‘‘अगं, ते तुझं पुस्तक दुकानात मिळतं! कुणीही वाचेल ते! जे दुकानात मिळत नाही ते तू उकिरड्यावर टाकलंस? आणि घाण काढली, साफ केलं म्हणतेस? त्या घाणीत माझं घर होतं!’’

ती नुसती रडत बसली. मग माझ्या लक्षात आलं, की पोरीनं काय वाईट केलं होतं? अंध माणसांना सुखानं ऐकता यावं म्हणून केलं होतं. आणि कुमुदनंच तिला सांगून ठेवलं होतं, ‘‘आमचं रामायण मधे येतं ते काढून टाक गं बाई, लाज वाटते.’’ म्हणजे बोलायला जागाच नाही. मी उठून तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढं ठेवलं.

‘‘पुसलेलं काही दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतं,’’ नाक पुसत ती म्हणाली. ‘‘शेवटची चार प्रकरणं तरी असायला हवी होती. पण तेराव्याला काकूंचं शेवटचं पुस्तक सगळ्यांना पाठवायचं ठरवलं होतं मी. श्रद्धांजली म्हणून. ते चढवायला जागा कमी पडली, म्हणून डबापण रिकामा केला.’’

म्हणजे ही देवाघरी गेली, आणि तिच्या हाका तिच्या मागोमाग तेराव्याला गेल्या. पिंडाला कावळा शिवला तेव्हा मी म्हटलं होतं, चला, हिची काही इच्छा राहिली नाही. माझी राहिली होती, तिच्यासाठी कुठला कावळा बघायचा?

‘‘ग्रुपवर विचारते,’’ प्राची म्हणाली. ‘‘सगळ्यांना विचारते. वाचणाऱ्यांना, ऐकणाऱ्यांना, सगळ्यांना. एखाद्याकडं असेल.’’

‘‘विचार,’’ मी म्हटलं. आशा वगैरे काही नव्हती. ती जावी आणि मला जरा एकटं बसता यावं, एवढंच वाटत होतं.

पुढचे काही दिवस ती रोज दारात यायची आणि नुसती मान हलवायची. नाशिकवाल्यांकडं नाही. दुबईच्या बाईकडं नाही. कुमुदचा मोबाइल तिनं उघडून बघितला, तर तोही रिकामा. आमची ही पडली शिस्तीची मास्तरीण, पाठवून झालं की लगेच पुसायची, वर फडका मारायची. मी जेवण करून खायला शिकत होतो. कुकरची शिट्टी मला ऐकायला येत नव्हती, म्हणून समोर बसून वाफ बघायचो. भात दोनदा करपला. करपल्याचा वास मात्र बरोबर येतो, देवानं नाक शाबूत ठेवलंय.

मग एका दुपारी प्राची पळतच आली. चप्पल काढायचंही भान नाही.

‘‘काका, आहे! एक आहे!’’

‘‘काय आहे?’’

‘‘कुरुंदवाडला रेहानाताई आहेत ना, मुजावर. त्यांच्याकडं एक कच्चं आहे! मागं एकदा माझ्याकडून चुकून साफ न करताच गेलं होतं ग्रुपवर. लगेच लिहिलं मी, चुकून गेलंय, पुसून टाका. सगळ्यांनी पुसलं. त्यांनी ठेवलं!’’

‘‘हाक आहे का त्यात?’’

‘‘तिन्ही आहेत म्हणाल्या.’’

मी खाली बसलो.

‘‘मागवून घे की मग. बघत काय बसलीस?’’

‘‘पाठवत नाही म्हणतात. म्हणाल्या, तुमच्याकडं पाठवलं की तुम्ही साफ करता. जॉबरकाकांना इकडं घेऊन या.’’

‘‘हुशार आहे बाई,’’ मी म्हटलं. प्राचीला ते लागलं असणार, पण ती हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. टोपी घातली. आरशात बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली, मुलगी बघायला निघाल्यासारखा थाट! तरी तसाच निघालो. प्राचीच्या स्कूटरवर मागं बसून कुरुंदवाडला गेलो. वाटेत ती काहीतरी बोलत होती, तिची पाठ माझ्याकडं, त्यामुळं मला एक अक्षर कळलं नाही. मी आपला हो हो करत होतो.

रेहाना मुजावरच्या भावाचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. घरापुढच्या अंगणात बांबू, कनाती, खुर्च्यांच्या थप्प्या आणि लग्नात लावतात तसले पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर. भाऊ कामावर गेला होता. भावजय दारात होती. तिनं रेहानाचा दंड धरला, तिला बाहेर आणलं, खुर्चीशी उभं केलं, खांदा दाबून खाली बसवलं. सगळं मुक्यानं. वाईट काही नव्हतं त्यात, बाई मायाळू होती, लगेच आमच्यासाठी चहा ठेवायला गेली.

रेहाना असेल पस्तिशीची. साखर कारखान्याच्या ऑफिसात टेलिफोनवर बसायची. आवाज घंटेसारखा खणखणीत. बोलताना तोंड बरोबर माझ्याकडं करायची, त्यामुळं ओठही दिसत होते. मला बरं वाटलं.

‘‘जॉबरकाका, वाईट झालं हो. आमच्या कुमुदताई गेल्या,’’ ती म्हणाली. ‘‘माझं निम्मं वाचन त्यांच्या आवाजात झालंय.’’

‘‘तू हे पुसलं नाहीस, ते का गं? प्राचीनं सांगितलं होतं तरी?’’

ती जरा लाजली.

‘‘आमच्या घरात सगळी चांगली आहेत, काका. पण मला हाक कोण मारत नाही. आंधळीला कशाला हाक, म्हणून हात धरतात आणि नेतात. जेवायला नेतात, बसायला नेतात. ऑफिसात दिवसभर फोन येतात, तेसुद्धा सगळे दुसऱ्यासाठी. आणि तुमच्या घरात एका माणसाला तीन-तीनदा हाक मारतात! मला लई मजा वाटली. कंटाळा आला की लावायची मी ते. मधमाश्यांवरचं पुस्तक आहे, मधमाश्या गेल्या उडत. तुमच्या हाकांसाठी लावायची.’’

प्राचीनं खाली बघितलं. मीही कुठंतरी बघितलं. कनातींचे रंग काय होते ते मला अजून सांगता येतील.

‘‘मोबाइलवर तुम्हाला यायचं नाही,’’ रेहाना म्हणाली. ‘‘वहिनी, ती वायर लावा की स्पीकरला. मोठ्या.’’

भावजयीनं पदराला हात पुसत वायर जोडली, बटण फिरवलं. मी खुर्ची ओढून स्पीकरच्या पुढ्यात नेली आणि लग्नातल्या वरबापासारखा ऐटीत बसलो. प्राची मला ओठ नीट दिसतील अशी समोर येऊन उभी राहिली.

सुरू झालं. आधी घों घों असा आवाज. ‘‘मधमाश्यांचं वाचतायत,’’ प्राची ओठांनी म्हणाली. मग मला ओळखीचं काहीतरी लागलं, खटखट, खटखट. माग! आमच्या गल्लीतले माग! यंत्रानं काढून टाकलेले, ते इथं तसेच चालू होते. प्राची म्हणाली, ‘‘कुकरची शिट्टी.’’ ती मला आली नाही. मग तिनं एक बोट वर केलं. पहिली हाक. नाहीच आली. दोन बोटं. आली! धुकं पडल्यावर माणूस दिसावं तशी अंधूक आली, ‘‘...हो, ऐकलं का!’’ मी खुर्चीच्या हाताला गच्च धरलं.

‘‘ओ जॉबऽऽर!’’

सगळं अंगण दणाणलं. खुर्च्यांच्या थप्पीवरची चिमणी उडाली. ती कुमुद होती, माझी कुमुद, थोडी वैतागलेली, शेवटच्या अक्षराला गळा चिरत जाणारी. मी उठून उभा राहिलो. माणसाला सवय असते हो! उठलो, आणि तोंडातून निघून गेलं, ‘‘आलो आलो!’’

भावजय त्या आवाजानं अशी दचकली, की तिनं झटकन बटण उलटं फिरवलं. स्पीकर खाली आला. आत अजून काहीतरी चाललं होतं, पुन्हा तेच डासाचं गुणगुणणं. मी प्राचीच्या ओठांकडं बघितलं. ते हलत नव्हते. ती माझ्याकडं बघतच नव्हती, रेहानाकडं बघत होती.

‘‘काय झालं? पुढं काय आहे?’’

प्राचीनं नुसता स्पीकरकडं हात केला.

‘‘अगं, काय म्हणाली ती हाक मारल्यावर? परत लाव. मोठं करून लाव.’’

परत लावलं. तिन्ही हाका परत झाल्या. ह्या वेळी भावजयीनं बटणाला हात लावला नाही. पण हाकेनंतरचं बोलणं कुमुद स्वतःशी बोलली होती, तिच्या वाचायच्या त्या हळू, गोड आवाजात. ज्या आवाजाचं लोक कौतुक करायचे, ज्यातलं मला कधीच काही कळलं नाही. एवढ्या मोठ्या स्पीकरमधूनही ते नुसतं घुमलं, घागरीत बोलल्यासारखं. शब्द एकही सुटा झाला नाही.

प्राचीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. ओठ दिसेनात. मी रेहानाकडं वळलो.

‘‘बाई, तू सांग. तुला पाठ आहे ना?’’

‘‘मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल,’’ ती म्हणाली. एवढं मला ओठांवरून कळलं. मग तिनं ओढणीचं टोक तोंडाशी नेलं आणि त्याच्या आडून काहीतरी बोलली.

‘‘ऐकायला नाही आलं.’’

ती पुन्हा बोलली. ओढणी तशीच. खांदे हलत होते.

‘‘मोठ्यानं बोल, पोरी. माझे कान गेलेत. तुझ्या पाया पडतो, मोठ्यानं सांग.’’

तेव्हा रेहानानं ओढणी सोडली. भावजय पुढं झाली, हात धरायला, पण तिनं तो हात बाजूला सारला आणि स्वतःच उठली. माझ्या आवाजाच्या अंदाजानं दोन पावलं पुढं आली. मान वर केली आणि त्या टेलिफोनवाल्या खणखणीत गळ्यानं, सगळ्या आळीला जाईल अशी ओरडली,

‘‘कुमुदताई म्हणाल्या, नाहीच येत ह्यांना ऐकायला! म्हणाल्या, मी गेल्यावर ह्यांना एवढ्या मोठ्यानं हाक कोण मारणार!’’

पलीकडच्या घरातून दोन माणसं दारात आली. रस्त्यावरची एक सायकल थांबली. रेहाना धापा टाकत माझ्यापुढं उभी होती, चेहरा पुरता ओला.

‘‘आलं का ऐकायला, काका?’’ तिनं तसंच ओरडून विचारलं.

मी मान हलवली. मग लक्षात आलं, हिला मान हलवलेली दिसत नाही.

‘‘आलं,’’ मी म्हटलं. ‘‘आलं गं बाई.’’